नवा रोव्हर हाती आला, आता पहिला आठवडा मैदानात

रोव्हर म्हणजे पोलवर बसवून उपग्रहांच्या मदतीने जमीन मोजायचा रिसीव्हर. तो विकायला येणारा माणूस नेहमी गच्चीवर नेऊन दाखवतो. वर मोकळं आकाश, आजूबाजूला काही नाही. पोल उभा केला की दहा सेकंदांत स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘फिक्स’ उमटतं आणि खाली ८ मिलिमीटर, १४ मिलिमीटर असे आकडे नाचायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता टोटल स्टेशन (दुर्बिणीने कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) विकून टाकावं. मलाही तसंच वाटलं होतं. टोटल स्टेशनवर हात बसलेला होता, तरी पहिल्या दोन महिन्यांत मला तीन कामं परत मोजावी लागली, त्यातलं एक पदरचे पैसे घालून.

तिन्ही वेळा यंत्रात बिघाड नव्हता. आकडा हिरवा दिसला की तो खरा, असं मी धरून चाललो होतो. म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं: पहिला आठवडा एकही पैशाचं काम घेऊ नका. तो आठवडा कसा घालवायचा ते पुढे क्रमाने लिहितो. सगळं मुंबई धरून लिहिलं आहे, कारण माळरानावर हे यंत्र कुणालाही जमतं.

आधी ‘फिक्स’ म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्या धंद्यात या यंत्राला सरसकट ‘डीजीपीएस’ म्हणतात. खरं तर हातात असतो तो आरटीके (रिअल टाइम किनेमॅटिक, म्हणजे जागच्या जागी दुरुस्ती घेणारा) रोव्हर, आणि तो जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू असे इतर देशांचे उपग्रहही धरतो. काही मॉडेल आपला नाविकही धरतात. नुसत्या उपग्रहांवर त्याची चूक दोन-चार मीटर असते. जागा पक्की माहीत असलेल्या दुसऱ्या स्टेशनकडून दर सेकंदाला दुरुस्ती आली की ती चूक एक-दोन सेंटीमीटरवर येते.

हे कसं होतं? उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी जीपीएसच्या एल१ वर साधारण १९ सेंटीमीटर असते. शेवटच्या लहरीचा अर्धामुर्धा तुकडा रिसीव्हर अगदी बारीक मोजतो. पण उपग्रहापासून आपल्यापर्यंत पूर्ण लहरी किती, हे त्याला थेट कळत नाही, ते गणिताने ठरवावं लागतं. ठरत नाही तोवर स्क्रीनवर ‘फ्लोट’ असतं. ठरलं असं यंत्राला वाटलं की ‘फिक्स’. या वाक्यातला ‘वाटलं’ हा शब्द महत्त्वाचा. गणित एका लहरीने जरी चुकलं तरी जागा वीतभर ते हातभर सरकते, आणि स्क्रीनवरचे मिलिमीटर मात्र तसेच गोड राहतात. ते आकडे यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासण्यातली ही गत.

पहिली संध्याकाळ, घरी

खोक्यातल्या वस्तू मोजून घ्या, सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा आणि कंट्रोलरमध्ये (स्क्रीन असलेलं हातातलं यंत्र) डेटा पॅक असलेलं सिम टाका. शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीचंही एक सिम जवळ ठेवा. मुंबईत रेंज असते, पण गर्दीच्या वेळी डेटा रेंगाळतो आणि आपली दुरुस्ती त्याच वाटेने येते.

मग नवीन जॉब उघडून सेटिंग भरा. डेटम (मोजणी कशापासून धरायची तो पाया) डब्ल्यूजीएस ८४, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम, झोन ४३ उत्तर. पूर्व विदर्भातून आलेल्या मित्राची जॉब फाइल तशीच उचलू नका. ७८ रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो, म्हणजे नागपूरची फाइल इथे चालत नाही. सेटिंग बरोबर असेल तर मुंबईत ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर) २ लाख ६५ हजार ते २ लाख ८५ हजारांच्या दरम्यान आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचे मीटर) २१ लाखांच्या आगेमागे दिसतं. हे दोन आकडे तोंडपाठ करा. नंतर कधीही स्क्रीनवर वेगळंच काही दिसलं तर काम तिथेच थांबवायचं.

इलेव्हेशन मास्क १० ते १५ अंश ठेवा. म्हणजे क्षितिजालगतचे, इमारतींआडून डोकावणारे उपग्रह यंत्र हिशेबात धरत नाही. पॉइंट साठवण्याची अट ‘फक्त फिक्स’ अशी ठेवा आणि फ्लोटमध्ये साठवण्याची सोय बंदच करून टाका. घाईच्या वेळी बोट त्याच बटणावर जातं.

आता पोल. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. दोन मीटरचा पोल एक अंश कलला तर वरचा रिसीव्हर ३५ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे पोल सरळ आहे का ते दाखवणारा बबल बिघडलेला असेल तर आठ मिलिमीटरच्या यंत्राचा काही उपयोग नाही. घरातच बायपॉडवर (दोन पायांचा आधार) पोल उभा करून बबल मध्यात आणा, मग पोल स्वतःभोवती अर्धा वळवा. बबल मध्यातच राहिला तर ठीक. सरकला तर जेवढा सरकला त्याच्या निम्मं बबलखालच्या स्क्रूंनी आणि उरलेलं बायपॉडच्या पायांनी परत आणा, आणि पुन्हा वळवून बघा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. माझा पोल विरार लोकलच्या मालडब्यातून फिरतो, तिथे माशांच्या टोपल्या आणि दुधाचे कॅन त्याला रोज ठोकतात. म्हणून दर सोमवारी मी हे करतोच.

पोलची उंची हा माझ्या फुकट गेलेल्या कामाचा किस्सा आहे. नाल्याच्या लेव्हल, म्हणजे ठिकठिकाणच्या उंची, घ्यायच्या होत्या. सकाळी पोल दोन मीटरवर होता. दुपारी झाडाच्या फांदीखालून जाताना चेनमन (मोजणीतले मदतनीस) मामांनी तो १.८० च्या खाचेत उतरवला आणि कंट्रोलरमध्ये मी दोन मीटरच ठेवला. दुपारनंतरची प्रत्येक लेव्हल वीस सेंटीमीटरने खाली आली, आणि कागदावर नाल्याचं पाणी उलटं वाहायला लागलं. तेव्हापासून आमच्यात ठरलंय: पोलला हात लावला की मामा मोठ्याने उंची ओरडतात आणि मी स्क्रीनवर बघून तीच परत म्हणतो. रस्त्यावरचे लोक बघतात, बघू देत.

उंचीचा गोंधळ आधीच मिटवा

मैदानात पहिल्यांदा गेल्यावर नवा माणूस घाबरतो तो उंची बघून. शिवाजी पार्कवर उभं राहायचं आणि स्क्रीन म्हणते उणे साठ मीटर! यंत्र बरोबरच असतं. उपग्रहांवरून मिळणारी उंची मोजली जाते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. हा फरक काढून टाकायला कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल निवडावं लागतं. बहुतेकांत ईजीएम २००८ असतं. ते निवडल्यावर उंची माणसात येते.

पण तीही अंतिम नाही. ते सगळ्या जगाचं मॉडेल आहे, तुमच्या गल्लीचं नाही. लेव्हलचं काम असेल तर जवळच्या बेंचमार्कवर (उंची पक्की माहीत असलेली खूण) पोल उभा करा, फरक लिहून ठेवा आणि तेवढी दुरुस्ती त्या जॉबपुरती लावा. एकच बेंचमार्क नको, दोन तरी घ्या. पहिल्यावर लावलेली दुरुस्ती दुसऱ्यावर टिकते का, ते बघायचं असतं.

मुंबईत याहून मोठा खड्डा आहे तो कोणत्या शून्यापासून उंची मोजायची याचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जीटीएस बेंचमार्क समुद्राच्या सरासरी पातळीपासून असतात. पालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्यांच्या आणि जुन्या रस्त्यांच्या नकाशांवर टाउन हॉल डेटम असतो, टीएचडी. टाउन हॉल म्हणजे फोर्टमधली एशियाटिक सोसायटीची पायऱ्यांची इमारत. त्या हिशेबात शहराच्या सखल भागांच्या पातळ्या सत्तावीस-अठ्ठावीस मीटर अशा दिसतात. बंदराची माणसं तिसरंच बोलतात, चार्ट डेटम, कारण त्यांना ओहोटीला किती पाणी उरतं ते हवं असतं. काम घेतानाच लेखी विचारा: लेव्हल कोणत्या डेटमवर द्यायच्या? आणि एका डेटममधून दुसऱ्यात नेण्याचा आकडा मित्राकडून फोनवर घेऊ नका, ज्या खात्याला नकाशा द्यायचा त्याच खात्याकडून घ्या.

पहिली सकाळ, मैदानात

सकाळी लवकर निघा. शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल, किंवा घराजवळचं कुठलंही मोकळं मैदान चालेल. क्रिकेटवाले जागा अडवण्याआधी काम उरकलेलं बरं.

रिसीव्हर सुरू करून कंट्रोलरशी जोडा. दुरुस्ती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्वतःचा बेस (पक्क्या जागेवरचा दुसरा रिसीव्हर) उभा करायचा, त्याबद्दल पुढे. दुसरा, इंटरनेटवरून कॉर्सची, म्हणजे कायम चालू असलेल्या स्टेशनांची, दुरुस्ती घ्यायची. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर कायमची स्टेशनं उभारली आहेत, महाराष्ट्रातही त्यांचं जाळं आहे. आधी नोंदणी करून युजरनेम आणि पासवर्ड घेऊन ठेवा. कंट्रोलरमध्ये ‘एनट्रिप’ (इंटरनेटवरून दुरुस्ती घ्यायची पद्धत) निवडायचं, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट भरायचा, मग यादीतून माउंटपॉइंट (कोणती दुरुस्ती हवी त्याचं नाव). नेटवर्क सेवेला आपण कुठे उभे आहोत हे कळावं लागतं, म्हणून ‘जीजीए पाठवा’ हा पर्याय चालू असायला हवा. तो बंद असेल तर लॉगिन होतं, सगळं जोडलेलं दिसतं आणि दुरुस्ती मात्र येत नाही. यात माझी एक अख्खी सकाळ गेली आहे.

स्क्रीनवर आता तीन गोष्टी बघायच्या. फिक्स आहे का? किती उपग्रह हिशेबात आहेत? आणि दुरुस्ती किती जुनी आहे? या तिसऱ्याकडे कुणी बघत नाही. एक-दोन सेकंद ठीक. आकडा दहाच्या पुढे जायला लागला तर मोबाइल डेटा अडखळतोय, थांबा. पीडीओपीही (उपग्रह आकाशात किती चांगले पसरलेत त्याचा आकडा, कमी तितका बरा) बघा, मोकळ्या मैदानात तो दोनच्या आसपास किंवा खाली असतो.

आता चाचण्या. दगडी कठड्यावर किंवा फरशीवर खिळ्याने दोन बारीक खुणा करा, स्टीलच्या टेपने बरोबर तीस मीटरवर. दोन्हींवर बायपॉड लावून प्रत्येकी तीस सेकंदांची सरासरी घ्या. कंट्रोलर दोहोंतलं अंतर सांगेल. टेपशी सेंटीमीटरच्या आत जुळायला हवं.

मग त्याच खुणेवर फिक्स मुद्दाम मोडा. मेनूत रीसेटचा पर्याय असतो, नाहीतर सरळ रिसीव्हर जमिनीकडे उलटा धरा, उपग्रह सुटतात. सरळ केल्यावर यंत्र पुन्हा शून्यापासून गणित मांडतं. असं पाच वेळा करा, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाने पॉइंट साठवा आणि पाचही शेजारी शेजारी ठेवून बघा. मोकळ्या जागेत ते नाण्याएवढ्या वर्तुळात पडतात. एखादा हातभर लांब पडला तर, शाबास, चुकीचा फिक्स तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात.

तिसरी चाचणी वेळेची. त्याच खुणेवर दोन-तीन तासांनी परत या. उद्या याल तर वेगळ्या वेळी या. जीपीएसचे उपग्रह रोज साधारण चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, म्हणजे आज सकाळी सातला आणि उद्या सकाळी सातला जवळजवळ तेच आकाश असतं. तीच चूक दोनदा होईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, जुळलं!

वेळेचं आणखी एक. आपण विषुववृत्ताच्या फार लांब नाही, आणि वरच्या हवेतला विद्युतभारित थर आपल्याकडे युरोपपेक्षा बराच खोडकर असतो. दुपारी तो सगळ्यात दाट असतो, आणि सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यात बुडबुड्यांसारखी खळबळ उठते. त्या वेळी मोकळ्या मैदानातही फिक्स तुटतो. सूर्याच्या डागांची संख्या वाढलेल्या वर्षांत जास्त. यंत्राला शिव्या देण्याआधी घड्याळ बघा. अचूक काम मी सकाळी सात ते अकरात संपवतो, संध्याकाळी सहानंतर कंट्रोल पॉइंट (ज्यांवर पुढची मोजणी बांधायची ते बिंदू) घेत नाही.

मग जिथे यंत्र खोटं बोलतं तिथे जा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम वाईट जागा शोधा. मुंबईत त्या शोधाव्या लागत नाहीत. काचेच्या इमारतीजवळ, पत्र्याच्या शेडला लागून, मेट्रोच्या पुलाच्या कडेला, वडाखाली. या ठिकाणी उपग्रहाची लहर सरळ येतेच, शिवाय भिंतीवर आपटूनही येते, आणि रिसीव्हरला चुकीची लांबी कळते. आपण याला मल्टिपाथ म्हणतो. आरशात बघून दाढी करताना हात उलटा जावा, तसं यंत्राचं होतं.

कुर्ल्याला एका गोदामाच्या कंपाउंडचा कोपरा घेत होतो. एका बाजूला उंच पत्रा, दुसऱ्या बाजूला कंटेनर उभा. फिक्स आला आठ सेकंदांत, आकडा ११ मिलिमीटर. मामा म्हणाले, “साहेब, हिरवं झालं, मारा.” मारला. ऑफिसात कंपाउंडची भिंत कागदावर काढली तेव्हा त्या कोपऱ्यात ती गुडघ्यासारखी वाकली होती. दुसऱ्या दिवशी टोटल स्टेशनने तोच कोपरा घेतला, फरक ४३ सेंटीमीटर. भिंत सरळ होती म्हणून कळलं. ओसाड प्लॉटचा कोपरा असता तर कळलंही नसतं.

म्हणून अशा जागी नियम: पॉइंट घ्या, फिक्स मोडा, परत घ्या. दोन्ही दोन सेंटीमीटरच्या आत जुळले नाहीत तर तो पॉइंट रोव्हरचा नाही, टोटल स्टेशनचा. तिरक्या पोलवर चालणारं टिल्ट असलेलं यंत्र असेल तर भिंतीपासून जरा दूर उभं राहून टोक कोपऱ्यावर टेकवता येतं, ही मोठी सोय आहे. पण टिल्ट आधी दोन-चार पावलं चालून, पोल हलवून जागं करावं लागतं, आणि फिक्सच खोटा असेल तर टिल्ट त्याला खरा करत नाही.

चाळीत, गावठाणात, कोळीवाड्याच्या बोळांत रोव्हर घेऊन शिरूच नका. बाहेर मोकळ्या रस्त्यावर एकमेकांना दिसणारे दोन पॉइंट रोव्हरने घ्या आणि आत टोटल स्टेशनने जा. फक्त ते दोन पॉइंट लांब हवेत. पन्नास मीटरवरच्या जोडीत एक सेंटीमीटरची चूक दिशेत ४१ सेकंदांची चूक घालते, दोनशे मीटरवर तीच दहा सेकंदांवर येते. दोनऐवजी तीन घेतलेत तर तिसरा तपासणीला होतो. टोटल स्टेशन विकू नका ते यासाठी.

कागदावरचे मीटर आणि जमिनीवरचे मीटर

दोन्ही यंत्रं एकत्र वापरायला लागलात की हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो: टोटल स्टेशनने १०० मीटर, रोव्हरने १०० मीटर २ सेंटीमीटर. कुणाचं खरं? दोघांचंही. यूटीएम म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरणं. झोन ४३ ची मधली रेषा ७५ रेखांशावर आहे, तिथे अंतरं थोडी आखडतात, आणि मुंबई त्या रेषेपासून सव्वादोनशे किलोमीटर पश्चिमेला असल्याने इथे ती ताणली जातात. दर शंभर मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर, कुलाब्याकडे जरा जास्त, मुलुंडकडे जरा कमी. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर जवळजवळ अर्धा चौरस मीटर जास्त दिसतो. मुंबईच्या भावात अर्धा चौरस मीटर म्हणजे भांडणाला पुरेसा.

उपाय दोन. कंट्रोलरमध्ये ‘ग्राउंड’ निवडून जागेवरचा एक पॉइंट मूळ धरायचा. किंवा सगळं यूटीएममध्ये ठेवून टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर भरायचा. कुठलाही घ्या, पण एका कामात एकच, आणि नकाशावर तो लिहा. यूटीएममधलं क्षेत्रफळ तसंच आर्किटेक्टला देऊ नका.

स्वतःचा बेस लावायचा असेल तर

मोबाइल डेटा पोहोचत नाही अशा जागी, खाडीकाठी किंवा नॅशनल पार्कच्या कडेला, बेस लागतो. ट्रायपॉड मोकळ्या, उंच, कुणी धक्का मारणार नाही अशा जागी. उंची तिरपी मोजली की सरळ, ते कंट्रोलरमध्ये बरोबर निवडा. सुरू करताना एकदा आणि बंद करताना एकदा मोजा. यूएचएफ रेडिओ वापरणार असाल तर त्याला केंद्राच्या वायरलेस विभागाचा परवाना लागतो, विक्रेत्याला विकत घेण्याआधीच त्याबद्दल विचारा.

बेसला खरी जागा देणं हे मुख्य काम. ‘हिअर’ बटण दाबलं तर यंत्र दोन-तीन मीटर चुकीची जागा बेसला देतं आणि सगळं काम तेवढंच सरकून बसतं. आपापसात जुळतं, जगाशी जुळत नाही. त्यापेक्षा बेसवर तीन-चार तास रॉ डेटा साठवा आणि नंतर प्रक्रिया करा. ऑनलाइन पीपीपी सेवेकडे (रॉ डेटावरून नेमकी जागा काढून देणारी) पाठवलात तर उत्तर मोजणीच्या तारखेच्या आयटीआरएफमध्ये (साऱ्या जगाची मोजणीची चौकट) येतं, आणि इथे एक खुबी आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेला बांधलेला कंट्रोल आणि आजचं पीपीपीचं उत्तर यांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो, दोन्ही बरोबर असूनही. आकड्यासोबत तारीख लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धाच.

जुना नकाशा आणि हद्द

लोक विचारतात, “यातून आमच्या जागेची हद्द निघेल ना?” नाही निघत. यंत्र फक्त पोल कुठे आहे ते सांगतं. हद्द असते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात, शहरात सीएस नंबर, उपनगरात सीटीएस नंबर, आणि हद्दीची मोजणी त्या खात्याकडे अर्ज करून, पैसे भरूनच होते. आपण खासगी लोक जागेवरची परिस्थिती मोजतो: भिंत, गटार, झाडं, लेव्हल. हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगा आणि पावतीवरही लिहा.

जुना नकाशा आपल्या मोजणीवर बसवायचा झाला तर त्यावरच्या टिकून राहिलेल्या खुणा शोधा. हद्दीचा दगड, विहीर, जुन्या घराचा कोपरा, देवळाचा चौथरा. किमान चार, आणि जागेच्या चारी बाजूंना पसरलेल्या. एकाच रांगेतल्या चार खुणांवर बसवलेला नकाशा त्या रेषेवर जुळतो आणि कडेला झुलतो. असं बसवल्यावर, म्हणजे कॅलिब्रेशननंतर, प्रत्येक खुणेचा उरलेला फरक बघा. १:५०० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटीमीटर व्यापते, तेव्हा तिथे मिलिमीटरची अपेक्षा ठेवू नये. पण तीन खुणा दहा सेंटीमीटरमध्ये आणि चौथी दीड मीटरवर असेल तर ती चौथी दुसऱ्याच कुणाची तरी आहे. नवी बांधलेली भिंत जुन्या हद्दीवर असेलच, असं मुंबईत कुणीही शपथेवर सांगणार नाही.

परवानगी, गर्दी, पाऊस

१५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांपासून भारतीय माणसाला मोजणीसाठी आधीची परवानगी काढावी लागत नाही. पण नौदलाच्या जागा, विमानतळ, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, रेल्वेची हद्द इथे पोल घेऊन उभं राहण्याआधी लेखी पत्र खिशात हवंच. बाकी ठिकाणी पोलिसांपेक्षा रहिवासी जास्त विचारतात. वस्तीत पोल उभा केला की पाच मिनिटांत एखादी मावशी येते, “काय ओ, आमची घरं पाडणार का?” खरं काय ते शांतपणे सांगा, स्क्रीन दाखवा. मामा हे माझ्यापेक्षा चांगलं करतात. एकदा अफवा पसरली की दिवसभरात एक पॉइंट होत नाही.

पावसात यंत्र चालतं, मात्र पोर्टची रबरी झाकणं पूर्ण दाबलेली हवीत. पेटी ओली बंद केलीत तर सकाळपर्यंत आत दमट वास आणि पिनांवर हिरवा गंज. खारी हवा उरलेलं काम करते. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, पेटी रात्रभर उघडी ठेवा. आणि छत्री रिसीव्हरवर धरू नका, तिच्या लोखंडी काड्या थेट आकाशाच्या आड येतात.

संध्याकाळी

निघण्याआधी सकाळच्या पहिल्या खुणेवर परत पोल ठेवा. सकाळचा आणि आताचा फरक दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असेल तरच सामान गुंडाळा. नसेल तर दिवसात कुठेतरी पोल, बेस किंवा सेटिंग हललं आहे, आणि ते आज जागेवर शोधणं उद्या ऑफिसात शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फाइल काढताना स्तंभांचा क्रम बघा. कंट्रोलर बहुधा पॉइंट, नॉर्दिंग, ईस्टिंग असा देतो, ऑटोकॅडला आधी ईस्टिंग लागतं. उलटं झालं की नकाशा आरशात पाहिल्यासारखा येतो, आणि चौकोनी प्लॉट असेल तर ते लवकर लक्षातही येत नाही. रॉ फाइल जशी आहे तशी दोन ठिकाणी ठेवा, सुधारणा कॉपीत करा.

आणि वही. माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वर एकच ओळ असते: तारीख, पोलची उंची, माउंटपॉइंट किंवा बेसचं नाव, प्रोजेक्शन, जिऑइड, कोणता डेटम. खाली सकाळची खूण आणि संध्याकाळची खूण, दोन्हींचे आकडे, मधे फरक. पोलच्या उंचीपुढे मामांची सही असते. नाल्याच्या त्या कामानंतर त्यांनीच ती सुरू केली.